माझा अनुभव: नवी बॅटरी घेता घेता वाचलो

पुण्यातल्या धायरीत गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणं अंगवळणी पडलंय. पण १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी असून इन्व्हर्टर पाऊण तासातच कुईं कुईं करायला लागला. दुकानदार म्हणाला, "काका, बॅटरी गेली. नवीन टाका."

घरी येऊन हिशेब मांडला. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात हजारभर धरावेत. तीन पंखे, चार एलईडी आणि राउटर मिळून ३०० वॅटच्या आत. म्हणजे तीन तास निघायला हवेत. मेन स्विच पाडून घरभर फिरलो, तर स्वयंपाकघरात फ्रिज आरामात घुरघुरतोय! रंगकामाच्या वेळी वायरमनने तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला होता.

बॅटरीचेही हालच. पाण्याची पातळी दाखवणारे सगळे फ्लोट तळाला, टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर. "लोणच्याच्या बरणीची काळजी याहून जास्त घेते मी," इति आमची ही. इन्व्हर्टर बंद केला, हातमोजे घातले, आधी निगेटिव्ह वायर सोडवली. टर्मिनल सोड्याच्या कोमट पाण्याने घासली, पण बुचं घट्ट लावूनच, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. वरून पेट्रोलियम जेली. मग खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर. आरओचं चालत नाही.

मुलगा म्हणाला, सोलर बसवा. पण साधं ऑन-ग्रिड, म्हणजे विजेच्या लाइनला जोडलेलं सोलर, लाइट गेली की स्वतःही बंद पडतं; बॅकअपला हायब्रिड (बॅटरीही जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागतेच. ते नंतर बघू.

फ्रिजचा पॉइंटही इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढला. गेल्या गुरुवारी पावणेतीन तास पंखे चालले.