डिझेल इंजिन सुरू होत नसेल तर आधी टाकीकडे बघा

इंजिन सुरू होत नाही म्हटलं की शिकाऊ मेकॅनिकचा हात थेट इंजेक्टरकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडे जातो. तिथेच घाई नडते. डिझेल टाकीतून निघतं, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), फिल्टर, इंजेक्शन पंप (डिझेलचा दाब वाढवणारा) ओलांडून इंजेक्टरपर्यंत पोचतं. दोषही त्याच क्रमाने शोधायचा. इंजेक्शन पंपाच्या अलीकडची, कमी दाबाची बाजू साध्या पान्यांनी तपासून होते. ती निर्दोष ठरेपर्यंत पंपाला हात लावू नका.

सगळ्यात फसवा दोष म्हणजे लाइनमध्ये हवा धरणं. टाकी ते फीड पंप या नळीत ओढ असते. तिला बारीक चीर गेली किंवा क्लिप सैल झाली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते आणि नवा माणूस तिला सोडून पुढे जातो. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन सकाळी भरपूर सेल्फ खातं, सुरू होऊन लगेच बंद पडतं किंवा आयडलिंगला आरपीएम वरखाली होतात, तर संशय इथेच घ्या. फीड पंपाच्या आधी तात्पुरती पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

मेकॅनिकल पंपाची एअर काढताना फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन-तीन आटे सैल करा आणि हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) मारत राहा. फेस थांबून डिझेलची सलग धार आली की प्रायमर दाबत असतानाच स्क्रू आवळा. मग हेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. शेवटी इंजेक्टरकडचे पाइप-नट अर्धा-एक आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. सेल्फ एका वेळी 10 ते 15 सेकंदच; मधे मिनिटभर विश्रांती दिली नाही तर स्टार्टर मोटर जळू शकते. एअर काढूनही दुसऱ्या दिवशी तीच तक्रार आली, तर गळतीची जागा अजून सापडलेली नाही असं समजा.

आयडलिंग छान, पण लोड आला की इंजिन बसतं, हे फिल्टर तुंबल्याचं लक्षण. थोडं चालून बंद पडतं आणि टाकीचं झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो, म्हणजे झाकणाचं किंवा टाकीचं हवेचं छिद्र बुजलंय. वॉटर सेपरेटरचं पाणी इंजिन बराच वेळ उभं असताना काढा. पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं. किल्ली फिरवल्यावर स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल सोडणारी-थांबवणारी विजेची झडप) ‘टक’ आवाज येतो का, हेही ऐका. तो आला नाही तर वायर आणि फ्यूज तपासा.

धुराचा रंग दिशा दाखवतो, निकाल देत नाही. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. नोझल (इंजेक्टरचं टोक) ठिबकत असेल, पण एअर फिल्टर चोंदला तरी धूर काळाच येतो, म्हणून तो आधी काढून बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय, पण जळत नाही: ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारा), टायमिंग, कॉम्प्रेशन बघा. सेल्फ मारूनही धूरच नाही, तर डिझेल पोचतच नाही.

इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नसेल, तर जुन्या पद्धतीच्या इंजिनात एकेक पाइप-नट सैल करून आरपीएम पडतात का ते बघतात. ज्याने फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून डिझेल मिळतं) हे कधीही करू नका. रेलमधला दाब 1600 बार किंवा त्याहूनही वर जातो. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं. अशा इंजिनात स्कॅनरवर रेल प्रेशर वाचा आणि प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडा. एखादी बाटली इतरांच्या मानाने फार लवकर भरली, तर तो इंजेक्टर आतून झिजलाय.

इंजेक्टर परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच घाला. त्याआधी टॉर्च लावून भोकात बघा: जुना वॉशर खाली चिकटून राहिला असेल आणि त्यावर नवा बसला, तर नोझल वर उचललं जातं आणि डिझेलची फवार चुकीच्या जागी पडते.