युद्ध होऊन गेलेल्या जंगलात टुरिझम उभं करायचं तर सुरुवात कुठून करायची

लॉज सगळ्यात शेवटी बांधा, हे आधीच सांगून टाकतो, कारण बहुतेकांची सुरुवातच तिथून होते. मोझांबिकचं गोरोंगोसा नॅशनल पार्क बघा. 1977 ते 1992 तिथे यादवी चालली, मांसासाठी नि हस्तिदंतासाठी जंगल पार रिकामं झालं, अडीच हजाराच्या आसपास हत्ती होते ते अडीचशेच्याही खाली आले.

तर पहिलं काम सुरुंगांचं. रस्ता, पाणवठा, जुनी चौकी, जिथे म्हणून माणसाचा पाय पडणार ती जागा तपासून झाल्याशिवाय एकही पाहुणा आत न्यायचा नाही. मोझांबिक सुरुंगमुक्त जाहीर व्हायला 2015 उजाडलं, म्हणजे युद्ध संपून 23 वर्षं, त्यामुळे घाईचं कामच नाही.

सुरुंग गेले तरी सापळे उरतातच. गोरोंगोसात गाड्यांचे जुने कमानपाटे वापरून जबड्यासारखे सापळे बनवायचे, तारेचे फास तर वेगळेच, सिंहाचा पाय अडकला की तो मेला नाहीतर जन्मभर लंगडला. हे शोधायला रोज पायी फिरणारी माणसं लागतात आणि ती आजूबाजूच्या गावातलीच घ्या, फास कुठे लावतात हे लावणाऱ्यालाच माहीत असतं ना, आणि त्याने ते पोटासाठी केलेलं असतं, महिन्याला पक्का पगार सुरू झाला की तोच तुमचा सगळ्यात भारी रेंजर. भरती करताना दोन्ही बाजूंनी लढलेले घ्या बरं का, एकाच बाजूचे घेतले तर अर्धी गावं म्हणणार पार्क त्यांचं, आपलं नाही.

गाईडला हत्तींबद्दल नीट शिकवा. गोळीबार बघितलेल्या हत्तिणी अजून जिवंत आहेत, गाडी दिसली की अंगावर येतात, तेव्हा लांब थांबायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि मागे निघायची वाट मोकळी ठेवायची. सुळे असलेले वेचून मारले गेले म्हणून युद्धातून वाचलेल्या माद्यांत बिनसुळ्यांच्या जवळपास निम्म्या होत्या. पाहुण्यांना हे सरळ सांगा, युद्ध झालंच नाही असं दाखवू नका, तिथल्या लोकांचं त्यात काय काय गेलंय.

आता पैसा. रवांडात गोरिला बघायचं परमिट 1500 डॉलर आहे आणि पार्कच्या कमाईतले 10 टक्के आसपासच्या गावांना जातात. असा वाटा पहिल्याच दिवशी कागदावर ठरवा, नंतर कोणी देत नाही. पण फक्त टुरिस्टवर गाव सोडू नका. 2013 ला गोरोंगोसा भागात पुन्हा लढाई पेटली, 2019 ला इदाई चक्रीवादळ आलं, असं झालं की बुकिंग एका रात्रीत शून्य. तिथल्या डोंगरावर देशी झाडांच्या सावलीत कॉफी लावलीय, शेतकऱ्याला पीक मिळतं आणि तोडलेलं जंगलही परत उभं राहतं.

एवढं झाल्यावर मग राहायची सोय बघा, पाच-सहा तंबू पुरेत, आणि कोंबड्या, भाजी, मका सगळं गावातूनच घ्या, रोख देऊन, त्याच दिवशी.