नववीचं निवासी रिट्रीट : दोन रात्रींचं नियोजन

कॅथलिक माध्यमिक शाळांची रिट्रीटं (प्रार्थना आणि आत्मचिंतनासाठीची शिबिरं) फसतात ती बहुतेक वेळा वेळापत्रकामुळे. सहाला प्रार्थना, मग व्याख्यान, गटचर्चा, खेळ, पुन्हा व्याख्यान, पोस्टर, नाटुकलं. मुलांना जरा गप्प बसायला मोकळी घटका उरत नाही आणि खर्च करून शाळाच खंडाळ्याला भरवल्यासारखं होतं. खालचा आराखडा नववीच्या ६० मुलामुलींसाठी, शुक्रवार दुपार ते रविवार दुपार असा आहे. यात दिवसाला दोनच सत्रं आहेत, प्रत्येकी ४० मिनिटांची. तिसरं घालायचा मोह प्रत्येक शाळेला होतो. घालू नका.

तारीख आणि जागा

महाराष्ट्रातल्या शाळेसाठी दिवाळीच्या सुट्टीनंतरचा नोव्हेंबर किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा सोयीचा. डिसेंबरात आगमनकाळ (नाताळआधीचे चार आठवडे) आणि नाताळची तयारी यांत धर्मग्रामांतले, म्हणजे स्थानिक चर्चचे, फादर अडकलेले असतात. पापनिवेदनासाठी (फादरांजवळ एकेकट्याने आपल्या चुका सांगून क्षमा मागण्याच्या विधीसाठी) चार जण मिळणं कठीण. धार्मिक अर्थाने उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) सगळ्यांत योग्य, पण तो परीक्षांच्या तोंडावर येतो.

वांद्र्याचं रिट्रीट हाऊस, वसईजवळच्या गिरीजचं जीवन दर्शन केंद्र किंवा खंडाळा-लोणावळ्याच्या बाजूची संन्यस्तांची घरं, कुठेही जायचं ठरलं तरी एका शिक्षकाने आणि एका शिक्षिकेने आधी प्रत्यक्ष जाऊन यावं. चॅपल सुंदर आहे की नाही हे शेवटी बघा. आधी मोऱ्या आणि संडास मोजा. आठ मुलांमागे एक न्हाणीघर नसेल तर सकाळचं सत्र तासभर लांबणार हे धरून चला. मुलामुलींच्या निवासाचे मजले किंवा इमारती वेगळ्या हव्यात, रात्री वाटेवर दिवा हवा, आणि रात्री उघडं असलेलं जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे हे गाडीने जाऊन पाहायला हवं.

परवानगीचे कागद

मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संविधानाचं कलम २८(३) लागू होतं: पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला भाग पाडता येत नाही. म्हणून संमतीपत्रात दोन वेगळ्या सह्या घ्या, एक मुक्कामाची आणि एक प्रार्थना-मिस्सेला (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना) बसण्याची. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन मुलं वर्गात असतातच. ज्यांचे पालक दुसरी सही देणार नाहीत त्यांच्यासाठी त्या वेळेत वेगळा कार्यक्रम हवा, आणि तो मूल्यशिक्षणाचा, शिक्षकासोबतचा. ‘तोवर खोलीत बसा’ म्हणजे शिक्षाच.

आरोग्याच्या तक्त्यात दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधं यांच्या जोडीला ‘रात्री अंथरूण ओलं होतं का’ हा प्रश्नही ठेवा. तक्ता बंद पाकिटात, एकाच शिक्षिकेकडे. इन्हेलर मात्र मुलाच्याच खिशात राहील. तो औषधांच्या कपाटात ठेवून काहीच उपयोग नाही. सॅनिटरी पॅड कुठल्या मॅडमकडे मिळतील हे मुलींना बसमध्येच सांगून टाका.

माणसं

दहा ते बारा मुलांमागे एक मोठं माणूस, म्हणजे साठांना पाच-सहा, त्यांत निम्म्या स्त्रिया. त्याशिवाय सत्रं घेणारे फादर, सिस्टर किंवा ब्रदर वेगळे. जो बोलतो त्यालाच रात्री पहारा दिला तर दुसऱ्या दिवशी तोच पेंगतो.

एकट्या मुलाशी बोलायचं तर व्हरांड्यात, बागेत किंवा सताड उघड्या दाराच्या खोलीत. कुणाला ऐकू जाणार नाही, पण सगळ्यांना दिसेल, अशी जागा. समुपदेशकाने बोलण्याआधीच सांगावं, ‘तू सांगशील ते मी माझ्याकडे ठेवीन, पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल तर मला पुढे सांगावं लागेल.’ लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेची अब्रू, घराची समजूत हे विचार त्यात बसत नाहीत. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाइन क्रमांक प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये असू द्या.

पालकांची पत्रं

सगळ्यांत जास्त काम इथे आहे. पालकांनी मुलाला गुपचूप लिहिलेलं पत्र रिट्रीटमध्ये द्यायचं ही जुनी आणि चांगली पद्धत, पण अर्धवट तयारीने ती मुलाच्या जिव्हारी लागते. पंधरा दिवस आधी पालकसभा घ्या. अर्धं पान, हाताने लिहिलेलं, बंद पाकिटात. गुणांचा उल्लेख नको, भावंडांशी तुलना नको, ‘आम्ही तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या’ हा हिशेब तर नकोच. मुलाची अलीकडची एक तरी नेमकी गोष्ट असावी: आजी पडली तेव्हा त्याने काय केलं, ती धाकट्याला कसं शिकवते.

लिहिता न येणाऱ्या पालकांसाठी वर्गशिक्षिकेने एक दुपार राखून ठेवावी. ते सांगतील, तिने त्यांच्याच शब्दांत उतरवावं. बोटीवर किंवा आखातात असलेल्या वडलांकडून हस्ताक्षराचा फोटो मागवून छापून घ्या. आठवडा आधी पाकिटं हजेरीपटाशी ताडून बघा. तीन-चार कमी निघतातच. त्या मुलांसाठी मामा, आजी, वसतिगृहाच्या सिस्टर, शेवटी वर्गशिक्षक, कुणीतरी मनापासून लिहील याची सोय करा. एकोणसाठांना पत्र आणि एकाला नाही, असं होणार असेल तर तो कार्यक्रमच रद्द केलेला बरा.

पत्रं शनिवारी दुपारी चारला वाटा, मोकळ्या मैदानात, पाऊण तास, पार्श्वसंगीत न लावता. मेणबत्त्या, अंधार, रडवणारं गाणं हा बेत टाळा. रात्री मुलं हुंदके देत झोपायला जातात, घरी बोलता येत नाही, आणि एकाचं रडू दहांना लागतं. किती जण रडले यावरून रिट्रीट मोजणाऱ्या शाळा आहेत. ते खोटं माप आहे.

मौन

मौन एकदम लादलं की खुसखुस सुरू होते. शुक्रवारी संध्याकाळी ५ मिनिटं, शनिवारी सकाळी १५, दुपारच्या सत्रानंतर ३०. एकेकटे बसवा, हाकेच्या अंतरावर, हातात एकच प्रश्न लिहिलेली चिठ्ठी आणि पेन्सिल. बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र (वाटणी उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट) घेतला, तर ‘थोरला भाऊ घरात का आला नाही?’ हा प्रश्न धाकट्याबद्दलच्या दहा प्रश्नांपेक्षा जास्त बोलका ठरतो, आणि तो इतर धर्मांच्या मुलांनाही सोडवता येतो.

झोपण्याआधी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांच्या रीतीने दिवसाची उजळणी, दहा मिनिटं: कृतज्ञता, प्रकाशाची मागणी, दिवसभराचं स्मरण, चुकलं त्याची क्षमा, उद्याचा संकल्प. पाच पायऱ्या, प्रत्येकीला दोन मिनिटं.

पापनिवेदन आणि मिस्सा

आधी गणित करा. ६० पैकी ४० कॅथलिक असतील आणि प्रत्येकाला पाच मिनिटं धरली, तर २०० मिनिटं होतात. एकटे फादर म्हणजे साडेतीन तास आणि रांगेत दंगा. चार फादर असले तर ये-जा धरून सव्वा तासात आटोपतं. शनिवारी साडेपाचला सुरू करा. मुख्याध्यापक किंवा व्यवस्थापक फादरांना यात बसवू नका. सोमवारी जे हजेरी घेणार त्यांच्यासमोर मूल मोकळं होत नाही. एक तरी फादर मराठीत सहज बोलणारे हवेत. जायचंच अशी सक्ती नाही हे स्पष्ट सांगा, आणि कोण गेलं नाही याची नोंद ठेवू नका.

समारोपाची मिस्सा रविवारी साडेनऊला. ख्रिस्तप्रसादाआधी (मिस्सेत कॅथलिकांना मिळणाऱ्या पवित्र भाकरीआधी) तासभर काही खायचं नसतं, म्हणून नाश्ता साडेआठला संपलाच पाहिजे. ख्रिस्तप्रसाद कोण घेतं हे आदल्या रात्रीच समजावून सांगा. इतर मुलं बसून राहू शकतात, किंवा फादरांची तयारी असेल तर छातीवर हात दुमडून आशीर्वादाला येऊ शकतात. हे न सांगितल्यास कुणीतरी मित्रामागे रांगेत येतं आणि सगळ्यांसमोर परत फिरवावं लागतं.

रात्र, शेकोटी, फोन

पहिल्या रात्री दोनपर्यंत कुणी झोपत नाही. रागावून फरक पडत नाही. दहाला दूध-बिस्किटं द्या, दोघादोघांच्या पाळ्या लावा (अकरा ते दोन, दोन ते पाच) आणि शनिवारचं पहिलं सत्र नऊच्या आधी ठेवू नका. शेकोटी करायची तर शनिवारी रात्री. भोवतीचं वाळलेलं गवत पाच मीटरपर्यंत साफ केलेलं, चार बादल्या पाणी आणि एक घमेलं वाळू शेजारी, पेटवायला रॉकेल-पेट्रोल अजिबात नाही. मुलांच्या अंगावरच्या नायलॉनच्या ओढण्या आणि जॅकेटांवर लक्ष ठेवा.

फोन बस सुटण्याआधी बंद करून, नावाची पट्टी लावून पिशवीत. पालकांकडे एकच क्रमांक असावा आणि रोज रात्री नऊला गटावर एक संदेश जावा. तो दहा मिनिटं उशिरा गेला तरी वीस फोन येतात. परतताना फोन बसमध्ये देऊ नका, शाळेच्या फाटकावर द्या.

सोमवारी वर्गात ‘काय शिकलात’ असा निबंध लिहायला लावू नका. समुपदेशकाने ज्या तीन-चार मुलांची नावं टिपली असतील, त्यांना त्याच आठवड्यात वेगवेगळं, सहज म्हणून बोलावून घ्या.