गोदामात ठेवलेला माल परत कसा घ्यावा: गोदामचालकाची कायदेशीर कर्तव्ये आणि मालकाने टाकायची पावले

गोदामात ठेवलेल्या मालाची मालकी ठेवणाऱ्याकडेच राहते आणि गोदामचालकाकडे फक्त ताबा जातो. या ताब्याच्या व्यवहाराला कायद्याच्या पुस्तकांत ‘निक्षेप’ म्हणतात, आणि त्याचे नियम भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये कलम १४८ पासून पुढे दिलेले आहेत. घर बदलताना ठेवलेले फर्निचर असो किंवा दुकानाचा शिल्लक माल, नियम हेच. माल परत घेण्याची वेळ आली की बहुतेक वाद भाड्यावरून किंवा नगांच्या तुटीवरून होतात, आणि त्यांतले बरेचसे वाद आधी योग्य कागद तयार ठेवला असता तर उद्भवलेच नसते.

पहिली पायरी म्हणजे पावती आणि करार पुन्हा वाचणे. मुदत कधी संपते, भाडे कोणत्या दराने चढते, भरपाईवर काही मर्यादा घातली आहे का, आणि थकबाकीसाठी माल अडवून धरण्याचा हक्क गोदामचालकाने लिहून घेतला आहे का, या चार गोष्टी शोधाव्यात. यांपैकी शेवटची सर्वांत महत्त्वाची असते. तिच्याकडे पुढे वळू.

दुसरी पायरी लेखी मागणीची. कलम १६० नुसार मुदत संपताच किंवा ज्या कामासाठी माल ठेवला ते काम पूर्ण होताच, कोणी मागितला नाही तरी, माल परत करणे किंवा मालक सांगेल तिथे पोहोचता करणे हे गोदामचालकाचे कर्तव्य आहे. मग मागणी कशासाठी करायची, असे कोणी विचारील. त्याचे कारण मुदत कायदा, १९६३ मध्ये आहे: ठेवलेली जंगम वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याची तीन वर्षे मागणीनंतर मिळालेल्या नकाराच्या तारखेपासून मोजली जातात. मागणीही तोंडी आणि नकारही तोंडी असेल, तर ती तारीख सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून पोच मिळेल अशा टपालाने किंवा ईमेलने पत्र पाठवावे, त्यात पावती क्रमांक, मालाचे वर्णन आणि माल नेण्याचा दिवस स्पष्ट लिहावा.

या पत्राचा आणखी एक उपयोग आहे. गोदामचालकाच्या चुकीमुळे माल वेळेवर परत झाला नाही, तर कलम १६१ प्रमाणे त्या वेळेपासून मालाचा नाश झाला, तो खराब झाला किंवा हरवला, तरी त्याची जबाबदारी गोदामचालकावर येते. एरवी त्याने कलम १५१ मध्ये सांगितलेली काळजी, म्हणजे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच आणि तेवढ्याच किमतीच्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतली असेल, तर तो सुटू शकतो; उशीर झाल्यावर मात्र हा बचाव उरत नाही. १९१७ मधील एका इंग्रजी खटल्यात बांधणीसाठी दिलेली पुस्तके वेळेवर परत न केल्यानंतर अपघाती आगीत जळाली, आणि आगीत दोष नसतानाही बांधणीवाल्याला भरपाई द्यावी लागली.

आता पैशांचा प्रश्न. ‘आधी सगळे भाडे भरा, मग माल न्या’ हे वाक्य गोदामाच्या दारात सर्रास ऐकू येते, पण ते नेहमी कायद्याला धरून असतेच असे नाही. करार कायद्याच्या कलम १७० मधील धारणाधिकार, म्हणजे येणे रक्कम मिळेपर्यंत माल अडवून धरण्याचा हक्क, मालावर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्यासाठी आहे. नुसती साठवणूक त्यात बसत नाही. कलम १७१ मधील सर्वसाधारण हक्क बँकर आणि बंदरावरील धक्क्याचे चालक यांच्यासह पाचच व्यवसायांना आहे, इतरांना तो स्पष्ट करार असेल तरच मिळतो. करारात तसे कलम नसेल, तर गोदामचालकाने भाड्यासाठी वेगळा दावा करावा, माल अडवू नये. वखार विकास व नियमन कायदा, २००७ खाली चालणाऱ्या वखारींची गोष्ट वेगळी आहे: तिथे वखारचालकाला कायद्यानेच धारणाधिकार दिलेला आहे, आणि परक्राम्य पावतीवरचा, म्हणजे दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येणाऱ्या पावतीवरचा माल नेताना देणी भागवून मूळ पावती परत करावी लागते आणि माल मिळाल्याची लेखी पोच द्यावी लागते. माल तातडीने हवा असेल, तर वादग्रस्त रक्कम ‘हरकत राखून’ असा लेखी शेरा देऊन भरणे हा माझ्या मते व्यवहार्य मार्ग आहे.

माल सामाईक असेल, तर वेगळा करार नसताना गोदामचालक एका सहमालकालाही तो देऊ शकतो (करार कायदा, कलम १६५). भागीदारांत बेबनाव असल्यास सर्वांच्या सहीशिवाय माल सोडू नये, अशी अट माल ठेवतानाच घालावी. तिऱ्हाइताने मालकी सांगितली, तर त्या तिऱ्हाइताने न्यायालयाकडे जाऊन माल देणे थांबवून घ्यावे, असे कलम १६७ सांगते.

माल उचलताना घाईने सही करू नये. नग मोजावेत, गरज असेल तिथे वजन करावे, ओल, कुजट वास, फाटलेली पोती यांची छायाचित्रे घ्यावीत. दोष दिसला तर पोचपावतीवरच तो लिहावा. ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ या छापील ओळीखाली केलेली सही नंतर खोडून काढणे कठीण जाते. आपला माल दुसऱ्याच्या मालात विनासंमती मिसळला असेल आणि वेगळा करता येत असेल, तर त्याचा खर्च गोदामचालकाचा. वेगळा होतच नसेल तर भरपाई.

माल नाकारला गेला, तर वैयक्तिक उपयोगाच्या मालासाठी ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि इतरांना दिवाणी न्यायालय खुले असते. माल परस्पर विकला किंवा लाटला असे दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये गोदामचालकाने केलेल्या अपहारासाठी सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. नुसत्या उशिरासाठी मात्र हे कलम लागत नाही, त्यासाठी अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो.