लेणं बघायला जाताय? आधी वाट शोधा, मग मूर्ती बघा

आपल्याकडे लेण्यात गेलं की लोक थेट आत शिरतात, स्तूपासमोर फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर येतात. मीही बरीच वर्षं असंच केलं. मग एकदा नाणेघाट चढून जुन्नरला गेलो आणि डोक्यात एकदम उजेड पडला, की अरे ही लेणी काही कुठेतरी एकांतात नाहीयेत, ही तर व्यापाराचा माल नेणाऱ्या बैलांच्या तांड्यांच्या रस्त्यावर आहेत! तेव्हापासून मी लेणी कशी बघतो ते सांगतो, तुम्हीपण करून बघा.

निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवर मॅप उघडा आणि त्यातला टेरेन व्ह्यू लावा म्हणजे डोंगर दिसतात. आता किनाऱ्यावर सोपारा, कल्याण आणि चौल शोधा, ही जुनी बंदरं. तिकडे वर देशावर पैठण आणि तेर शोधा. मधे सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि ती ओलांडायची तर घाटाशिवाय गत्यंतर नाही. आता लेणी टाका त्याच मॅपवर. बोरघाट चढलात की कार्ले, भाजे, बेडसे. नाणेघाट चढलात की जुन्नर. थळघाट चढून पुढे गेलात की नाशिकची पांडवलेणी. खानदेशातून पैठणकडे जाणाऱ्या वाटेवर पितळखोरा. एकदा हे बघितलं ना, की लेणं म्हणजे नुसती गुहा राहत नाही, वाटेवरचा मुक्काम वाटायला लागतो.

पोचल्यावर लगेच आत जाऊ नका, आधी पाणी शोधा. लेण्यांच्या बाजूला कातळात खोदलेली टाकी असतात, त्यांना शिलालेखांत पोढी म्हणतात. ती कोणी दिली तेही बऱ्याचदा वर कोरलेलं असतं. शिवनेरीच्या लेण्यांत दोन पोढ्या देणारा माणूस आहे इरिल नावाचा, आणि त्याच्या नावापुढे लिहिलंय यवन. म्हणजे पश्चिमेकडून आलेला, किंवा त्या लोकांपैकी एक. देवळाला सोनं नाही, राजवाडा नाही, दोन टाकी पाणी दिलं त्याने, आणि मला तरी हे दान फार मोठं वाटतं, कारण त्या उन्हात घाट चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला आधी काय लागणार?

आता शिलालेख. इथे घाबरू नका, हे लेख ज्या जुन्या लिपीत आहेत ती सगळी ब्राह्मी शिकायची गरज नाही, तीन अक्षरं पुरतात. न म्हणजे उलटा केलेला इंग्रजी टी, उभी दांडी आणि खाली आडवी रेघ. व म्हणजे खाली गोल आणि त्यावर उभी दांडी, कार्ल्याच्या काळापर्यंत तो गोल जरा त्रिकोणी होत जातो. य म्हणजे जहाजाच्या नांगरासारखा, मधे उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना वर वळलेले हात. हे तीन घरी वहीवर दहादहा वेळा काढा आणि मग कार्ल्याच्या चैत्यात, म्हणजे स्तूप असलेल्या मोठ्या दालनात जा. तिथे खांबांवर लेख आहेत, आणि एकावर सरळ लिहिलंय: धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं. धेनुकाकटाच्या यवन सिंहध्वजाने खांब दिला, बास, एवढंच. पण य-व-न ही तीन अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी ओळखली ना की जो आनंद होतो तो शंभर फोटोंत नाही मिळत. धेनुकाकटा हे गाव नक्की कुठलं यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. आणि नाव बघा, सिंहध्वज! माणूस यवन आणि नाव अस्सल इथलं. नाशिकच्या सतराव्या लेण्यातही तेच, दाता इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा योनक, म्हणजे यवनच. म्हणून यवन वाचलं की लगेच ग्रीसहून आलेला खलाशी डोळ्यासमोर आणू नका, यातले बरेच जण इथे मुरलेले लोक असणार.

लेख वाचायला उजेड तिरका हवा. समोरून टॉर्च मारला की अक्षरं सपाट होऊन गायब होतात, टॉर्च बाजूने भिंतीला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे खोलगट भागात सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. कार्ल्याचं तोंड पश्चिमेला आहे त्यामुळे दुपारनंतर गेलात तर आत उजेडही चांगला मिळतो. मात्र खडू लावणं, पाणी शिंपडणं, बोटाने घासणं हे कृपा करून करू नका. मी लोकांना करताना बघितलंय आणि जीव तुटतो, दोन हजार वर्षं टिकलेलं अक्षर आपल्या एका दुपारीत का घालवायचं.

व्यापार म्हणजे नेमकं काय हे बघायचं असेल तर पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात अर्धा तास बसा. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे तिथे, शक घराण्यातला माणूस. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर महिना शेकडा एक दराने, उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण दराने. आता हिशेब मांडा: २००० चे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेखात म्हटलंय की पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण, म्हणजे २४०. बरोब्बर जुळतं! भिंतीवर चक्क फिक्स्ड डिपॉझिटची पावती कोरलीये आणि ती घेणारी बँक म्हणजे विणकरांची संघटना. मी हा हिशेब तिथेच दगडावर बसून मोबाइलवर केला होता, आणि जुळला तेव्हा अंगावर काटा आला.

पितळखोऱ्याला गेलात तर पैठणच्या मित्रदेवाचं दान शोधा, हा गंधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारं घराणं. तिथे सापडलेला एक यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि त्याच्या हातावर बनवणाऱ्याचं नाव आहे कान्हदास, धंद्याने सोनार! सोनाराने दगडात काम केलंय म्हणून त्याचे दागिने इतके बारीक.

अजिंठ्याला रीत थोडी बदला, तिथे वाचण्यापेक्षा रंग आणि कपडे बघा. आधी दहाव्या लेण्यात जा, ते सगळ्यात जुन्यांपैकी, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सतराव्या लेण्यात या, म्हणजे फरक कळतो. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग जवळपासचे. पण नंतरच्या चित्रांत जो गडद निळा दिसतो तो लाजवर्दाचा, आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून यायचा, म्हणजे निळ्याचा एक ठिपका बघताना तुम्ही शेकडो कोसांचा प्रवास बघताय. पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या आणि पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेली माणसं हातात पेले घेऊन बसलीयेत, ती नीट न्याहाळा. पूर्वी काही जण म्हणायचे की हा इराणचा खुस्रो आणि त्याचा दरबार. पण ते राजे नंतरचे, लेणं पाचव्या शतकातलं, त्यामुळे माणसांना नावं न देता टोपी, दाढी, पेला एवढं टिपून ठेवा, तेच भरपूर आहे. दुसऱ्या लेण्यात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध गोष्टीतलं जहाज शोधा, शिडं आणि आत रांगेने ठेवलेले रांजण. फ्लॅश चालत नाही आणि चालायलाही नको. सोमवारी अजिंठा बंद असतो, तेवढं बघून निघा.

कान्हेरी मुंबईकरांना सगळ्यात सोपी. तिथल्या लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक अशी दात्यांची गावं एकामागून एक येतात, आणि नव्वदाव्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ मधले, तिथे येऊन गेलेल्या पारशी लोकांनी कोरलेले.

आणि शेवटी एक दिवस तेरसाठी काढाच. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे, दागिन्यांनी मढलेली, आणि अशीच एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली, जे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं होतं. तेरला जायच्या आधी पाँपेईच्या मूर्तीचा फोटो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, काचेसमोर उभं राहून दोन्ही शेजारी शेजारी धरा आणि पायातले वाळे, कमरेचा पट्टा, गळ्यातले हार एकेक करून जुळवत बसा.