गाडीची सीट कुईकुई करतेय? आधी आवाज शोधा, मग ग्रीस लावा

ताम्हिणी घाट उतरताना आमच्या गाडीची पुढची डावी सीट प्रत्येक वळणाला कुई करायची, आणि त्या सीटवर आई बसलेली, तिची कंबर दुखते म्हणून ती सारखी थोडी थोडी सरकून बसते, म्हणजे पुण्यापासून माणगावपर्यंत तो आवाज चालूच. शेवटी शेवटी तिने हलायचंच बंद केलं, सगळ्यांना त्रास नको म्हणून अंग आखडून बसून राहिली. ते बघून फार वाईट वाटलं आणि परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी ती सीट हातात घेतली.

त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने खालून स्प्रे मारून दिला, चार दिवस गप्प, मग परत सुरू. दुसरा म्हणाला सीट जुनी झाली, आख्खी बदला. प्रत्यक्षात दोष निघाला एका तारेचा, आणि खर्च आला तो फक्त ग्रीसच्या स्प्रेचा. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण बहुतेक लोक शोधायच्या आधीच तेल मारतात आणि तिथेच गाडं अडतं.

आवाज येतो म्हणजे कुठेतरी दोन वस्तू एकमेकींवर घासतायत, बस, एवढंच आहे ते. कुठल्या दोन, हे कळलं की काम अर्धं संपलं. त्यासाठी आधी आवाज कसला आहे ते नीट ऐका. कुईकुई किंवा किर्रर्र असा बारीक आवाज असेल तर बहुतेक लोखंडावर लोखंड कोरडं घासतंय, म्हणजे रेल (सीट जिच्यावर मागेपुढे सरकते ती लोखंडी पट्टी), स्प्रिंग नाहीतर उंची कमीजास्त करायचा सांधा. करकर असा नवीन चपलेसारखा आवाज असेल तर रेक्झिन किंवा लेदर, नाहीतर प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक. टक टक असा सुटा आवाज, तोही ब्रेक मारताना किंवा गाडी उचलताना, तर बोल्ट ढिला आहे असं समजा आणि ते काम आजच करा. आणि खडखड असेल तर सीटखाली हात घाला, आमच्याकडे एकदा तिथून स्टीलची बाटली निघाली होती.

गाडी सपाट जागी लावा, इंजिन, एसी, पंखा सगळं बंद, हँडब्रेक ओढलेला. एकाला सीटवर बसवा आणि तुम्ही दार उघडून खाली बसा, कान सीटच्या कडेला. बसलेल्याला सांगायचं की आधी फक्त पाठ मागे रेट, मग फक्त डावीउजवीकडे झुक, मग थोडं उठून परत बस. एकावेळी एकच हालचाल, नाहीतर काही कळत नाही. पाठ रेटल्यावर आवाज आला तर पाठीचा सांधा किंवा पाठीतल्या तारा, बसताना-उठताना आला तर बैठकीच्या स्प्रिंगा, कुशीवर झुकल्यावर आला तर रेल, बोल्ट किंवा बाजूचं प्लॅस्टिक. आवाज चालू असताना बोटं एकेका जागेवर टेकवून बघा, जिथून आवाज येतो तिथे बोटाला बारीक थरथर लागते आणि दाबून धरलं की आवाज थांबतो किंवा बदलतो. दुसरं माणूस नसेल तर मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून सीटखाली वेगवेगळ्या जागी ठेवा आणि स्वतः बसून हला, कुठल्या जागचं रेकॉर्डिंग मोठं येतं त्यावरून अंदाज येतो. हे गाडी उभी असताना हं, चालत्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाकडे मोबाईल सोडायचा नाही.

आता पाना हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट, आणि ही कृपा करून वगळू नका. सीटखाली वायरी असतात. आपल्याकडे २०१९ पासून नवीन गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटना बेल्टचा बीप सक्तीचा झालाय त्यामुळे सेन्सरची वायर तर असतेच, शिवाय काही गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते आणि काहींत बेल्टच्या बकलपाशी अपघातात बेल्ट ताणणारी, फटाक्यासारखी दारू भरलेली बारीक नळी असते. पिवळ्या रंगाचा कनेक्टर किंवा पिवळी वायर दिसली की ती एअरबॅगच्या सिस्टीमची, तिला हात लावायचा नाही, ओढायची नाही, टेस्टर लावायचा नाही. ग्रीस आणि स्प्रिंगचं सगळं काम सीट न काढताही होतं, त्यामुळे तशी गरजही पडत नाही. सीट बाहेर काढायचीच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मगच कनेक्टर सोडवायचा, आणि तो सुटा असताना इग्निशन ऑन करायचं नाही, केलं तर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला गॅरेजमधला स्कॅनर लागतो. यातलं काही जमेल की नाही अशी शंका असेल तर सीट काढूच नका.

सुरुवात बोल्टपासून करा कारण ते सगळ्यात सोपं. सीट पूर्ण मागे सरकवली की पुढचे दोन दिसतात, पूर्ण पुढे घेतली की मागचे दोन, बऱ्याच गाड्यांत त्यांच्यावर प्लॅस्टिकची टोपी असते, ती चपट्या स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून हलकेच उचलायची. आपल्या बहुतेक गाड्यांना १४ नंबरची गोटी (सॉकेट) बसते, युरोपियन कंपन्यांच्या गाड्यांना बरेचदा स्टार पाना लागतो. चारही बोल्ट तपासा, एखादा जरी हाताला सैल लागला तरी आवाजाचं कारण तेच असू शकतं. पण जोर लावून पिळू नका, आटे गेले तर मोठं काम निघतं. जवळ टॉर्कचा पाना (मोजून ठरावीक जोर लावणारा) असेल तर तुमच्या गाडीसाठी कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे लावा, नसेल तर घट्ट करून घ्या आणि पुढच्या सर्व्हिसिंगला ते चार बोल्ट टॉर्कवर बघायला सांगा. सीटचे बोल्ट अपघातात तुमचं वजन धरतात, त्यामुळे यात अंदाजपंचे नको.

मग रेल. इथे लोकांची ठरलेली चूक होते, जुन्या काळ्या ग्रीसवरच नवीन ग्रीस थापतात. त्या काळ्या थरात धूळ, केस, बिस्किटांचा चुरा, समुद्रावर जाऊन आला असाल तर वाळू, आणि हे सगळं मिळून पॉलिशपेपरसारखं काम करतं. आधी व्हॅक्यूमने किंवा ब्रशने सुटा कचरा काढा, मग गंज सोडवायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे चिंधीवर घेऊन (थेट रेलवर नाही, कार्पेटवर उडतं) स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला ती चिंधी गुंडाळून रेलच्या खाचेत फिरवा, कोपऱ्यांना जुना टूथब्रश. चिंधी काळी येते, बदला, परत फिरवा, पांढरी येईपर्यंत. मला चार चिंध्या लागल्या.

या डब्ल्यूडी-४० बद्दल थोडं बोलायलाच हवं कारण आपल्याकडे तो सगळ्या दुखण्यांवरचा झंडू बाम झालाय. त्याचं नावच मुळात पाणी हटवणारा चाळिसावा प्रयोग अशा अर्थाचं आहे, ओल घालवायला आणि गंज-चिकटा सोडवायला तो उत्तम, पण पातळ असतो, उडून जातो आणि जाताना जुनं चांगलं ग्रीसही धुऊन नेतो. म्हणून स्प्रे मारला की चार दिवस शांतता आणि मग आधीपेक्षा जास्त आवाज, माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. साफ करायला तो, वंगण म्हणून नाही. रेलला पांढरं लिथियम ग्रीस घ्या, ट्यूब किंवा नळीवाला स्प्रे, हार्डवेअर किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. काडीने किंवा बोटाने पातळ थर, जिथे लोखंड लोखंडावर सरकतं तिथेच, मग सीट दहा-बारा वेळा पूर्ण मागेपुढे करा म्हणजे आत पसरतं, आणि बाहेर आलेलं पुसून टाका, नाहीतर पँटला लागतं आणि धूळही धरतं. प्लॅस्टिक किंवा रबर जिथे आहे तिथे हे ग्रीस नको, तिथे सिलिकॉन स्प्रे. आणि घरातलं खोबरेल, गोडेतेल अजिबात नाही. लगेच आवाज थांबतो हे खरं, पण गोडेतेल काही महिन्यांत चिकट होऊन धुळीची खळ बनते आणि खोबरेल थंडीत थिजतं, मग सीट सरकायचीच जड होते. अजून एक, कुठलंही वंगण बेल्टच्या पट्ट्यावर किंवा बकलच्या आत जाऊ द्यायचं नाही.

माझं रेलचं काम झालं, सीट लोण्यासारखी सरकायला लागली, आईला बसवलं आणि परत कुई. तेव्हा मात्र मी टॉर्च घेऊन चक्क पाठीवर झोपून, डोकं पायदानात घालून सीटखाली बघितलं. सीटच्या फोमखाली नागमोडी तारा असतात, एका कडेच्या लोखंडी पट्टीपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि जिथे त्या पट्टीत अडकतात तिथे प्लॅस्टिकची छोटी टोपी किंवा क्लिप असते. तारा काळ्या रंगाच्या, सगळीकडे धूळ बसलेली, पण मागून दुसऱ्या तारेच्या हुकापाशी ज्वारीच्या दाण्याएवढी एक जागा आरशासारखी चकचकीत. तिथली क्लिप तुटून अर्धीच उरली होती आणि तार थेट पट्टीवर घासून रंग निघून पोलाद उघडं पडलं होतं. बोटाने तार दाबली, कुई. इतके महिने छळणारा तो आवाज एका बोटाखाली सापडला तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. तर शोधताना हेच शोधा, धुळीत चकचकीत जागा, किंवा हुकाभोवती तांबूस बारीक भुकटी. जिथे घासतं तिथे धूळ बसत नाही.

यावर उपाय असा. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणा, दोन बोटं रुंद पट्टी कापा. हातमोजे घाला, स्प्रिंगच्या कडा आणि पट्टीच्या धारा बोट कापतात. तार हुकातून पूर्ण काढायची गरज नाही आणि काढूही नका, ती ताणलेली असते, परत बसवायला जीव जातो आणि सुटली तर तोंडावर येते. पक्कडीने तार जरा उचलून धरा, फटीत रबराची पट्टी सरकवा, दोन वेढे घ्या आणि वरून छोटा केबल टाय. रबर नसेल तर जाड कापडी टेप चालते, साधी इन्सुलेशन टेप मात्र उन्हात तापलेल्या गाडीत गोंद सोडते आणि महिन्याभरात निसटते. बाकीच्या सगळ्या हुकांवर सिलिकॉन स्प्रेचा एकेक फवारा, नळी लावून, फोमवर उडणार नाही असा. मला हे सगळं करायला पाऊण तास लागला, त्यातली पंचवीस मिनिटं शोधण्यातच गेली.

करकर असेल तर खाली झोपायची गरज नाही. सीटची कड मधल्या कन्सोलला किंवा दाराकडच्या प्लॅस्टिकला घासत असेल तर दोघांच्या मध्ये पोस्टकार्ड घालून बघा, आवाज गेला तर जागा सापडली, तिथे प्लॅस्टिकवर टेबलाच्या पायांना लावतात तसली चिकट फेल्ट पट्टी. रेक्झिनची कव्हर बाहेरून घालून घेतली असतील तर त्यांचे खालचे इलॅस्टिक आणि हुकसुद्धा तपासा, ते हुक रेलला लागून किर्र करतात. हेडरेस्टच्या दांड्यांना सिलिकॉन, आणि बेल्टचं बकल कन्सोलवर टकटक करत असेल तर तिथेही फेल्ट. हॅचबॅकमध्ये मागून आवाज येत असेल तर मागची सीट जिथे अडकते तो लोखंडी यू आकाराचा हुक बघा, त्याला कापडी टेपचा एक वेढा देऊन सीट परत लावा, फक्त एकच, आणि लॉक पूर्ण बसतंय याची खात्री दोनदा ओढून करून घ्या.

काही गोष्टी घरी करायच्या नसतात. फ्रेमला किंवा सांध्याच्या वेल्डिंगला तडा दिसला, गंजून रेलचा पापुद्रा निघत असेल, किंवा सीट खटका लागल्यावरही सरकत असेल, पाठ लॉक न होता मागे जात असेल तर तिथे ग्रीस लावून आवाज दाबू नका. ती सीट चांगल्या मेस्त्रीला दाखवा आणि तोपर्यंत तिच्यावर कुणाला बसवू नका.

काम झाल्यावर कुणालातरी बसवून सोसायटीतल्या स्पीडब्रेकरवरून दोन चकरा मारा, एकदा हळू, एकदा तिरकी गाडी घालून म्हणजे बॉडी पिळली जाते आणि उरलासुरला आवाज बाहेर येतो. आठवड्याने रेल परत एकदा पुसा, सुरुवातीला थोडं ग्रीस बाहेर येतंच. आमच्याकडे पुढच्या खेपेला आई माणगावच्या आधीच झोपली. आणि कोकणातून परत आलात की सीट मागेपुढे करायच्या आधी रेलमधली वाळू व्हॅक्यूमने काढा, एकदा सरकवली की ती खाचेत आत जाऊन बसते आणि मग चिंध्यांचं सगळं काम पहिल्यापासून.