मिशनऱ्याची डायरी आणि वर्तमानपत्राचा रकाना: वाचताना या चुका टाळा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगॉनमध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं पहिलं मिशन उभारणारे जेसन ली १८३४ साली फर-व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर रॉकी पर्वत ओलांडून विलॅमेट नदीच्या खोऱ्यात आले. त्यांची डायरी आहे, न्यूयॉर्कच्या मिशन बोर्डाशी झालेला पत्रव्यवहार आहे. शिवाय या कागदांवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेलेले वर्तमानपत्रांतले रकाने आहेत. पोर्टलंडच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कुणी मुलांच्या अभ्यासाच्या निमित्ताने, कुणी निव्वळ आवडीने हे वाचतात आणि त्यावर लिहितातही. अशा लिखाणात काही चुका पुन्हा पुन्हा होतात.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे छापून आलं ते घडलंच, असं धरून चालणं. ऑरेगॉन मिशनची सुरुवातच एका रकान्यातून झाली. १८३१ मध्ये नेझ पर्स या मूळ रहिवासी जमातीतले चौघे जण दूरच्या डोंगरी मुलखातून सेंट लुईसला आले आणि मूळ रहिवाशांचा कारभार पाहणारे सरकारी अधिकारी विल्यम क्लार्क यांना भेटले. दोघे तिथेच दगावले. पुढे १ मार्च १८३३ रोजी न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन ॲडव्होकेट अँड जर्नल’मध्ये वायंडॉट या दुसऱ्या जमातीतल्या विल्यम वॉकर यांचं पत्र छापलं गेलं. हे पाहुणे खऱ्या धर्माच्या शोधात आले होते, असं त्यात होतं. सोबत चपट्या कपाळाच्या माणसाचं चित्र होतं. मेथडिस्ट मंडळींमध्ये खळबळ उडाली आणि मिशनच्या हालचालींना जोर आला. पण वॉकर सेंट लुईसला पोचले तेव्हा हयात असलेले दोघे केव्हाच परत निघाले होते. शिवाय कपाळ चपटं करण्याची रीत नेझ पर्स लोकांत नव्हतीच. नंतर कित्येक वर्षांनी या पाहुण्यांच्या तोंडी एक हृदयस्पर्शी निरोपाचं भाषण घातलं गेलं, आणि तेही रकान्यांतून फिरत राहिलं. असं भाषण समोर आलं की आधी एवढंच बघा: ते पहिल्यांदा कधी छापलं गेलं, आणि ऐकणारा कोण होता?

बखर वेगळी आणि अस्सल पत्र वेगळं, हे इतिहासकार राजवाड्यांनी आपल्याला कळकळीने बजावलं. तीच शिस्त इथे लावावी. ऑरेगॉन सिटीचं ‘ऑरेगॉन स्पेक्टेटर’ हे तिथलं पहिलं वर्तमानपत्र १८४६ च्या फेब्रुवारीत निघालं. ली त्याआधीच, १२ मार्च १८४५ रोजी वारले होते. म्हणजे त्यांच्या हयातीत ऑरेगॉनमध्ये वर्तमानपत्रच नव्हतं. तिथल्या वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी जे आलं ते सगळं मागाहून लिहिलेलं, बरंचसं आठवणींवर बेतलेलं. म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. मात्र त्याला साक्षीचा मान देता येत नाही.

उलट बाजूचीही एक चूक आहे. डायरी हाती लागली की तीच अखेरचा शब्द वाटते. ली यांची डायरी १९१६ मध्ये ऑरेगॉन हिस्टॉरिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापली गेली, त्यामुळे ती सहज मिळते. पण तिच्यात मोठे खंड आहेत, आणि नोंद नाही म्हणून काही घडलंच नाही असं होत नाही. बोर्डाकडे गेलेली पत्रं वाचताना तर जास्तच जपायला हवं. माणसं आणि पैसे मागण्यासाठी लिहिणारा माणूस आशेच्या गोष्टी आधी सांगतो. ली यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण १८४३ मध्ये बोर्डाने त्यांच्या जागी जॉर्ज गॅरी यांना नेमलं. त्यानंतरचा पत्रव्यवहार आरोपांचा आणि खुलाशांचा आहे. एकाच बाजूचे कागद वाचून लिहिलेला रकाना ली यांना एक तर संत करतो, नाही तर स्वार्थी जमीनदार.

तारखा जुळेनात तर घाईने कुणाला खोटं ठरवू नका. ली १८३८ च्या मार्चमध्ये पूर्वेकडे निघाले. त्यांची पत्नी ॲना मारिया पिटमन २६ जूनला बाळंतपणात गेली, बाळही गेलं. ही बातमी घेऊन निघालेल्या माणसाने त्यांना गाठलं ते सप्टेंबरमध्ये, मिसूरीच्या सीमेजवळच्या शॉनी मिशनवर. मधल्या अडीच महिन्यांत ली यांनी बायकोविषयी जे काही लिहिलं असेल, ते ती हयात आहे असं समजून. म्हणून प्रत्येक नोंदीला तीन तारखा लावाव्यात: घटना घडली ती, मजकूर लिहिला ती आणि छापला ती.

नावांचा घोळही ठरलेलाच. जेसन यांचे पुतणे डॅनियल ली त्याच मिशनमध्ये पाद्री होते. रकान्यात नुसतं ‘रेव्हरंड ली’ असेल तर ठिकाण बघा. १८३८ नंतरचा मजकूर कोलंबिया नदीकाठच्या द डॅल्स या मिशन ठाण्याचा असेल तर बहुधा तो डॅनियल यांच्याविषयी असतो. ‘मिसेस ली’ हा शब्द आणखी फसवा. जेसन यांनी १८३९ मध्ये ल्यूसी थॉम्सन यांच्याशी दुसरं लग्न केलं, त्या १८४२ मध्ये वारल्या, आणि डॅनियल यांची पत्नी वेगळीच. गावांचंही तसंच. ली यांचं जन्मगाव स्टॅनस्टेड आज कॅनडाच्या क्वेबेकमध्ये आहे. आणि अमेरिका-ब्रिटन यांच्यातल्या १८४६ च्या सीमाकरारापूर्वी ‘ऑरेगॉन’ म्हणजे या दोन्ही देशांचा हक्क असलेला, आजच्या राज्यापेक्षा फार मोठा मुलूख.

सर्वांत जास्त अन्याय मात्र मूळ रहिवाशांवर होतो. १८३८ च्या प्रवासात ली यांच्याबरोबर विल्यम ब्रूक्स नावाचा चिनूक जमातीतला मुलगा होता. चर्चमधल्या सभांत तो बोलला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि १८३९ मध्ये न्यूयॉर्कला तो वारला. विल्यम ब्रूक्स हे नाव मिशनने दिलेलं, त्याचं स्वतःचं नाव स्टुमानू. त्याची भाषणं आपल्यापर्यंत येतात ती इतरांनी टिपून घेतलेल्या स्वरूपात. ती उद्धृत करताना टिपणारा कोण, मजकूर कुठे छापला गेला हे सोबत द्या. मूळ नाव माहीत असेल तिथे तेच आधी लिहा, मिशनचं नाव त्यामागून.